नवी बॅटरी घेण्याआधी



आपण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले, आज बसलो आहोत वसईत. इथे खाऱ्या हवेने टर्मिनल लवकर गंजतात, आपल्याकडे धुळीने एअर फिल्टर बुजतो. ट्रॅक्टर धुण्याच्या प्रेशर पंपाचे इंजिन मात्र दोन्हीकडे सारखेच. ते अडले की पहिला सल्ला मिळतो, "बॅटरी बदला." घामाचा पैसा मोजण्याआधी तपासून घ्या.

दोरी ओढायला जड लागते? पंपात दाब कोंडला आहे. गनचा खटका दाबून तो सोडा. ऑइल बघा, पातळी उतरली की बऱ्याच इंजिनांत ठिणगीच बंद होते. हंगामभर पडून राहिलेले पेट्रोल काढून टाका. त्यातले इथेनॉल ओलावा ओढते. फिल्टर झटका, प्लग पुसा.

सेल्फ नुसता 'टक' करतो? टर्मिनल सोडवा, आधी निगेटिव्ह. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडे करा, घट्ट आवळा. मग मीटर लावा. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे 12.6 दाखवते. इंजिन चालू झाल्यावर आकडा 13.5 ते 14.5 च्या दरम्यान गेला पाहिजे. जात नसेल तर आधी फ्यूज, मग वायर, रेग्युलेटर आणि शेवटी आतली कॉइल बघा. आकडा नीट चढतो आणि वायर सोडून ठेवूनही बॅटरी रात्रीत उतरते, तरच नवी घ्या. चालू इंजिनावर बॅटरी कधी सोडवू नका, रेग्युलेटर जळतो.

मालाचा भाव आपल्या हाती नाही. दुरुस्तीचे बिल तरी डोळे मिटून देऊ नका. गावात मिळून एक मीटर घ्या.