ओबर्लिन कॉलेजची दारं



अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १८३३ साली शिफर्ड आणि स्ट्युअर्ट या दोन धर्मप्रचारकांनी जंगल तोडून ओबर्लिन गाव वसवलं आणि तिथेच कॉलेज काढलं. विद्यार्थ्यांनी अंगमेहनत करून शिकायचं, अशी योजना होती. उत्साह दांडगा, पण लवकरच पैशाची चणचण भासू लागली.

त्याच सुमारास सिनसिनाटीच्या लेन सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर कित्येक रात्री वाद घातला. विश्वस्तांनी अशा चर्चेवर बंदी घातली, तेव्हा बहुतेकांनी संस्थाच सोडली. ही मुलं ओबर्लिनला यायला तयार होती, त्यांच्यामागे न्यूयॉर्कच्या टॅपन या व्यापारी बंधूंचा पैसाही येणार होता. त्यांची एक महत्त्वाची अट होती, काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या. ओबर्लिनचे विश्वस्त बिचकले. १८३५ साली मतं समसमान पडली आणि अध्यक्ष जॉन कीप यांच्या एका मतानं ठराव संमत झाला. गरज नसती तर तो झाला असता का, मला शंका वाटते. म्हणूनच पहिलं श्रेय मी त्या हट्टी विद्यार्थ्यांना देतो.

१८३७ मध्ये चार मुली पदवीच्या वर्गात आल्या. त्यातल्या तिघी १८४१ साली बी.ए. झाल्या. तरीही मुलांचे कपडे धुणं, शिवणटिपण करणं मुलींकडेच होतं. ल्यूसी स्टोन या विद्यार्थिनीला तर पदवीदान समारंभात स्वतःचा निबंध वाचायची परवानगी नव्हती, तो पुरुषानं वाचायचा. तिनं निबंध लिहायलाच नकार दिला. मला हा नकार फार मोलाचा वाटतो.

१८५८ साली जॉन प्राइस या पळून आलेल्या गुलामाला पकडून जवळच्या वेलिंग्टन गावी नेलं, तेव्हा ओबर्लिनचे गावकरी आणि विद्यार्थी धावले आणि त्याला सोडवून आणलं. त्याला कॅनडाला पोचवण्याआधी प्राध्यापक फेअरचाइल्ड यांच्या घरी लपवलं होतं. या कृत्याबद्दल ३७ जणांवर आरोप ठेवले गेले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. ओबर्लिनची ही माणसं त्याच सज्जनांपैकी.

१८६२ साली मेरी जेन पॅटरसन ओबर्लिनमधून बी.ए. झाली. ही पदवी मिळवणारी अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून तिची नोंद आहे. पुढे वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कूलची ती मुख्याध्यापिका झाली.