बापाची वाट

दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून मंडळींनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी चौथी शिकलेला शेतकरी. रानात आणि कीर्तनात जे कळलं तेवढंच सांगतो. आज बापाविषयी सांगतो.

आपण ज्या पालखीमागं चालतो, ती 1685 साली एका लेकानं सुरू केली. नारायणबाबा. तुकोबाराय 1650 साली वैकुंठाला गेले, तेव्हा नारायणबाबा आईच्या पोटात होते. ज्यानं बाप डोळ्यांनी पाहिला नाही, त्यानं बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून माउलींच्याही आणल्या आणि पंढरीची वाट धरली.

त्यांना बाप कुणी सांगितला असेल? आईनं, गावानं. आणि बाप काही सुखात नव्हता. आईवडील गेले, थोरला भाऊ घर सोडून गेला. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आला, त्यात थोरली बायको गेली, लेक संतू गेला, दुकान बसलं. एवढं ओझं एका माणसाच्या डोक्यावर. मग तुकोबा भामचंद्राच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागले. झाडंपाखरं त्यांची नातलग झाली. लोक जिजाईला कजाग म्हणतात. मला ते पटत नाही. तीच माउली भाकरी घेऊन डोंगर चढत होती, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. भांडली असेल, पण भाकर चुकवली नाही.

हे मला पोथीतून कळायच्या आधी घरातून कळलं. आमचं गाव जिरायती. कालव्याच्या खाली ऊस आणि वर नुसती कुसळं, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगायला नको. 1972 ला विहीर आटली. आमची बैलजोडी वैरणीवाचून दावणीलाच बसली, ती उठली नाही. आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची, तिथं सुकडी मिळायची. आमचे तात्या मात्र बोलायचेच बंद झाले. रात्र रात्र जागे. लोक म्हणाले, वारं लागलं. कुणी अंगारा दिला, कुणी हसलं.

तात्या उठायचे आणि माळावर जायचे. तिथं एक लिंब होता. त्याच्या बुडात बसायचे. चिंकारा लांबून बघत उभा राहायचा, तात्या त्याच्याकडं बघायचे. आई कामावरून आली की अर्धी भाकर आणि तांब्याभर पाणी देऊन मला पाठवायची. म्हणायची, "काही विचारू नको. नुसता जवळ बस." मी बसायचो. तात्या निम्मं पाणी प्यायचे, निम्मं लिंबाच्या बुडाला घालायचे. घरात प्यायला पाणी नाही आणि हा माणूस झाडाला घालतो! पण आईनं त्यावर कधी तोंड वाजवलं नाही. ती म्हणायची, "घालू द्या. ज्याला दुसऱ्याची तहान कळती, तो अजून आपल्यात हाय."

पुढं पाऊस झाला. तात्या हळूहळू औताला लागले. पहिल्यासारखे झाले असं मी म्हणणार नाही; आभाळ दाटून येऊन पाऊस हुलकावणी देऊ लागला की पुन्हा गप व्हायचे आणि माळाची वाट धरायचे. पण दिंडीत चालायचे. काटेवाडीला धनगरबांधव पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण करतात, तिथं त्यांचा चेहरा खुलायचा. बेलवडीच्या रिंगणात घोडा धावला की टापांखालची माती कपाळाला लावायचे.

मंडळी, आजही गावात असा माणूस असतो. कर्ज असतं, बाग जळालेली असते, घरात कुणी गेलेलं असतं. तो गप होतो, एकटाच बांधावर बसतो. त्याला येडा म्हणू नका. डॉक्टरकडं न्यायला लाजू नका. मनाचं दुखणं हेही दुखणंच आहे. आणि कुणीतरी भाकर घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसा.

दुसरं, माळ जपा. झाडं नुसती लावू नका, दोन उन्हाळे त्यांना पाणी घाला. सगळंच नांगरलं आणि सगळंच तोडलं, तर दुखावलेल्या माणसानं बसायचं कुठं?

नारायणबाबांनी बापाचं दुःख लपवलं नाही, बापाची वाट चालती ठेवली. शंभर वर्षं आपणही तीच चालतोय. पुढच्या शंभरात वाटेवर सावली असू द्या.

रामकृष्ण हरी!