तंजावरची भिंत आणि आपली शाळा



मराठी मुलखापासून दूर असलेल्या आपल्या शाळेला आज साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या प्रसंगी मला तंजावरच्या प्रवासाविषयी बोलावेसे वाटते. कारण आपल्यापुढचा प्रश्न मला तेथे स्पष्ट दिसला.

तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा इतिहास आहे. तमिळ देशी, चोळांच्या देवालयात, सलग मराठी अक्षरे! जवळच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी ते समृद्ध केले. त्यांच्या संग्रहातील युरोपीय ग्रंथांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. याच राजांनी इसापनीतीचे मराठी भाषांतर देवनागरीत छापवून घेतले. इंग्रजीची गोडी आणि मराठीची आस्था एकाच मनात सुखाने नांदत होती.

परतीच्या गाडीत एक तमिळ शिक्षिका भेटल्या. त्यांच्याकडील हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आजही गायले जातात, हे त्यांनी कौतुकाने सांगितले. कला अशी वेस ओलांडून परक्या घरी लेकीसारखी रुळते.

परंतु मनात घर करून राहिले ते तंजावरच्याच एका वृद्ध मराठी गृहस्थांचे बोलणे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात मराठी बोलली जाते. ते म्हणाले, "बाई, भाषा आजीने दिली, अक्षरे मात्र कुणी दिली नाहीत. भिंतीवर आमचाच इतिहास आहे, पण तो मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो."

आपली स्थिती याच्या नेमकी उलट होऊ लागली आहे. आपली मुले शाळेत मराठी वाचतात, आणि फाटकाबाहेर पडताच ती मिटून ठेवतात. वर्गातील पटही वर्षागणिक उतरत आहे. अक्षरे शाळा देईल. बोलणे घरानेच द्यायला हवे. दोन्हींपैकी एक तुटले, तर उरते ती केवळ भिंत.

म्हणून पालकांना विनंती, रोज रात्री मुलांकडून एक मराठी पान मोठ्याने वाचून घ्या आणि त्यावर मराठीतच गप्पा मारा. माजी विद्यार्थ्यांनो, प्रवासातून परत याल तेव्हा शाळेत या, पाहिलेले-वाचलेले या मुलांना मराठीत सांगा. शाळेचे दार आणि ग्रंथालयाची कपाटे तुमच्यासाठी सदैव उघडी आहेत.