डिस्क गेली, तेव्हा आम्ही काय शिकलो
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, नाट्यसंगीत झालं, मधुमेहही झाला. यंदाच्या पत्रिकेत ‘घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क’ हा विषय वाचून बऱ्याच जणांनी आम्हाला थांबवून विचारलं, हे काय नवीन? तर आधीच सांगतो, आम्ही दोघे या विषयातले जाणकार नाही. एकाची हयात बँकेत गेली, एकीची शाळेत. पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे झालं ते तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी उभे आहोत.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तो आपण सगळ्यांनीच पाहिला. कित्येकांच्या घरात पाणी शिरलं, फर्निचर गेलं, आल्बम भिजले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचलो. तेव्हा आम्ही एकमेकांना म्हणालो सुद्धा, बरं झालं, आपलं सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, भिजायचं भय नाही. पुढे दोनच महिन्यांनी, कोरड्या ठणठणीत घरात, ते सगळं जायची वेळ आली.

‘सगळं’ म्हणजे काय ते सांगतो. आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत वाईहून बडोद्याला आले. त्यांच्या वेळची मोडीतली पत्रं आणि हिशेबाच्या वह्या घरात होत्या. त्यांना वाळवी लागली, तेव्हा वाचलेली पानं आम्ही स्कॅन करून घेतली, एकंदर २१४. मूळ कागदांचा नंतर हाताला भुगाच लागायचा. दुसरं म्हणजे आमच्या आईंचा आवाज. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या होत्या, त्या सात फायलींत होत्या. आणि तिसरे म्हणजे फोटो, लग्नाच्या आल्बमपासून नातवाच्या बारशापर्यंत. हे सगळं एका कॉम्प्युटरमध्ये, एका डिस्कवर, एकुलतं एक.

डिस्कने आम्हाला सूचना दिली नव्हती असं नाही. नवरात्रापासून कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घेऊ लागला. आम्ही म्हटलं, त्याचंही वय झालं. मग काही फोटो अर्धे उघडायचे आणि खालचा भाग राखाडी दिसायचा. फाईल कॉपी करताना मध्येच सगळं थिजायचं. आणि एके रात्री डब्यातून आवाज येऊ लागला, टक्, टक्, टक्. भिंतीवरच्या घड्याळासारखा, पण घड्याळ तर बंद होतं.

आता आमच्या चुका ऐका. पहिली चूक अशी की आम्हाला वाटलं व्हायरस आहे, म्हणून रात्रभर अँटिव्हायरसचं संपूर्ण स्कॅन लावून झोपलो. दुसरी चूक याहून मोठी. विंडोजने डिस्क तपासून दुरुस्त करू का असं विचारलं, आम्ही ‘हो’ दाबलं. सकाळी पाहतो तर कितीतरी फायली जागेवर नव्हत्या, आणि एका नव्याच फोल्डरमध्ये नुसते आकडे असलेल्या नावांचे तुकडे पडले होते. तिसरी चूक होता होता राहिली. कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने दोन मिनिटं बघितलं आणि सहज विचारलं, “काका, फॉर्मेट मारी दउं?” त्याच्या दृष्टीने कॉम्प्युटर चालू झाला की काम झालं. आम्ही ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून परत आणला, तेवढी देवाने बुद्धी दिली.

त्या रात्री पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्याने अर्धं ऐकलं आणि म्हणाला, “मामा, आधी प्लग काढा. मामी, त्यांना पुन्हा चालू करू देऊ नका. बाकीचं मी आल्यावर.”

त्याने येऊन आम्हाला जे समजावलं ते असं. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. त्यांच्यावर वाचणारं टोक, ज्याला हेड म्हणतात, ते तबकडीला न टेकता तरंगत असतं, आणि दोघांतलं अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. हेडला आपली जागा सापडली नाही की ते मागे येतं, पुन्हा जातं, पुन्हा मागे येतं. तोच तो टक् टक् आवाज. अशा वेळी डिस्क जितका वेळ फिरवाल, तितकी तबकडी खरवडली जाण्याची शक्यता वाढते. रात्रभराच्या स्कॅनने आम्ही आजारी माणसाला डोंगर चढायला लावला होता. आणि ‘दुरुस्ती’चा तो प्रोग्राम फायलींची यादी नीट लावण्यासाठी असतो. बिघडलेल्या डिस्कवर तो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचायचा प्रयत्न करतो आणि जे वाचता आलं नाही ते यादीतून काढून टाकतो.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. डिस्क बिघडतेय असा संशय आला की आधी प्रत काढायची, दुरुस्ती मागाहून. क्रम उलटा झाला की नुकसान होतं.

आता पायरीपायरीने सांगतो.

कॉम्प्युटरला डिस्क दिसतच नसेल आणि कसलाच आवाज नसेल, तर एकदम घाबरू नका. कॉम्प्युटर बंद करून डिस्कची डेटा केबल बदलून पाहा, विजेची जोडणी घट्ट करा. कित्येकदा दोष केबलचा असतो.

डिस्क दिसते आहे, पण संथ आहे, तर तिची तब्येत तपासा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम ही नोंद दाखवतो. त्यात तीन ओळी बघायच्या. बदलून घेतलेले सेक्टर, वाचायचे राहिलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. हे आकडे शून्यावरून वर चढू लागले की डिस्कचा भरवसा सोडा. मात्र आकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी, सर्वांत भरवशाच्या चार खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. उलट तपासणीत पहिली चूक दिसली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पटींनी वाढलेली आढळली. म्हणजे खूण दिसली तर ती खरी मानायची, पण दिसलीच पाहिजे अशी अपेक्षा ठेवायची नाही.

फायली उघडत असतील, तर सर्वांत मोलाच्या आणि लहान फायली आधी काढा. कागदपत्रं, आवाज, निवडक फोटो. सिनेमे आणि गाणी शेवटी. प्रत दुसऱ्याच डिस्कवर घ्या, त्याच डिस्कवर कधीही नाही.

कॉपी अडकत असेल, तर जाणत्या माणसाकडून संपूर्ण डिस्कची प्रत काढून घ्या. भाच्याने डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम वापरला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड भाग मागे ठेवतो आणि कुठवर आलो त्याचा नकाशा राखतो, त्यामुळे मध्ये थांबवलं तरी पुढून सुरू करता येतं. पण हे नवख्याचं काम नाही. कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी, यात गफलत झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि होतं नव्हतं ते पुसलं जातं.

आणि टक् टक् किंवा खरखर आवाज येत असेल, माहिती अमोल असेल, तर घरी काहीच करू नका. धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे द्या. अंदाजे खर्च आधी लेखी घ्या आणि माहिती मिळाली नाही तर किती पैसे घेणार, तेही विचारा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, टिचकी मारा, उघडून पुसा, असे सल्ले मिळतील. ऐकू नका. फ्रीजमधून काढली की आत दव धरतं, आणि उघड्या हवेतला धुळीचा एक कण हेडसाठी दगडासारखा असतो.

नव्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून आवाजही नाही. पण ती जाते तेव्हा बहुधा एकदम जाते, आणि तिच्यातून चुकून पुसलेली फाईल परत मिळणं जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी कठीण. ‘आमची एसएसडी आहे, आम्हाला काय’ असं कुणी म्हणू नये.

आमचं काय झालं ते सांगायचं राहिलं. भाच्याने तज्ज्ञाकडे जाऊ असंच आधी सुचवलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून आम्हीच मागे हटलो, त्याची रुखरुख आजही आहे. घरीच प्रत काढायला अडीच दिवस लागले. त्या अडीच दिवसांत आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. फोटो जवळपास सगळे आले. मोडीची २१४ पानं होती, त्यांतली १८३ उघडली. आईंच्या सात फायलींपैकी दोन राहिल्या. त्यातल्या एकीत ओवी अर्ध्यात तुटते आणि पुढे काही नाही. उरलेल्या पाच ओव्या आईंकडून आम्ही कुणीही पाठ करून घेतल्या नव्हत्या. रेकॉर्ड केलंय ना, मग झालं, अशा समजुतीत राहिलो.

त्यानंतर आम्ही घरात एक रिवाज पाडला. प्रत्येक मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक क्लाउडवर, आणि एक बाहेरच्या डिस्कवर, जी पुण्याला भाच्याकडे असते. घराबाहेरची का, ते बडोदेकरांना पुरानंतर सांगायला नको. क्लाउडबद्दल एवढंच की फोनमधून फोटो पुसला तर तो क्लाउडवरूनही पुसला जाईल अशी सोय बऱ्याचदा असते. तेवढं तपासून घ्या. आणि प्रत काढून ठेवून विसरू नका. दरवर्षी मूर्ती आणण्याआधी घर झाडतो, त्या दिवशी आम्ही ती डिस्क मागवतो, जोडतो, चार फायली उघडून बघतो आणि नवीन भर घालतो.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. मंडळाची जुनी इतिवृत्तं, नाटकांचे फोटो, जुन्या स्मरणिका, हे सगळं आज कुणा एका कार्यकर्त्याच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. कुणाच्या, ते इथे बसलेल्यांना माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. त्यांनी इतकी वर्षं ते सांभाळलं याबद्दल आपण ऋणी आहोत. पण विसर्जनाच्या आत त्याच्या आणखी दोन प्रती व्हाव्यात. लागणाऱ्या दोन डिस्कांचा खर्च आम्ही दोघे आईंच्या स्मरणार्थ देऊ.

आणि आज घरी गेल्यावर, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी त्यांचा आवाज जरूर रेकॉर्ड करा, त्याच्या तीन प्रती करा आणि एखादी ओवी स्वतःही पाठ करा.

गणपती बाप्पा मोरया!