ऊन सगळ्यांचं, सावली कुणाची?

(हुडकेश्वर, नागपूर इथं महिला दिनाच्या कार्यक्रमात वस्तीतल्या बायांसमोर केलेलं भाषण)

आज ८ मार्च. हुंडा, मारहाण, मजुरी यांवर आपण दरवर्षी बोलतो. यंदा मी उन्हाळ्यावर बोलणार म्हटल्यावर आपल्या गटातली एक बाई हसली. म्हणाली, ''ताई, ऊन तं साऱ्यायलेच लागते. बाया-माणसात ते काय फरक करते?'' तिचं खरं आहे. ऊन फरक करत नाही. पण सावली फरक करते. कुणाला किती सावली मिळायची हे घरात आणि सरकारात कुणीतरी ठरवत असतं. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

मी मूळची नाशिककडची. लग्न ठरताना माझ्या वडलांनी मुलाचा पगार विचारला, घरदार विचारलं, शेती विचारली. तिथली हवा कशी आहे, मुलीला मानवेल का, हे कुणी विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही. मुलगी जिथं दिली तिथलं पाणी तिचं, तिथली हवा तिची, अशीच आपली रीत. पहिल्या मे महिन्यात नवतपा लागला तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन चुलीपुढं बसले होते. घरच्यांनी समजूत घातली, ''होईल सवय.'' सवय झाली. पण सवय होणं आणि सोसणं यांतला फरक कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

हवा पाहून राहायची जागा ठरवणारे लोक जगात आहेत. इंग्रजांच्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. उन्हाळा आला की सरकार पचमढीला जायचं. हजारएक मीटर उंचीवरचं थंड हवेचं ठिकाण, प्रांताची उन्हाळी राजधानी. नागपुरात मागं राहायचे ते पंखा ओढणारे आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारे. इंग्रज गेले. १९५६ साली नागपूरचं राजधानीपण गेलं. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातलं एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं होतं, ते सरकार घेतं. पण साधारणपणे कधी? डिसेंबरात. नावच हिवाळी अधिवेशन. एखादं अधिवेशन मे महिन्यात हुडकेश्वरला टिनाच्या छपराखाली भरवलं, तर आपले कितीतरी प्रश्न दोन दिवसांत सुटतील!

आता आपल्या हुडकेश्वरकडं या. इथं शेतं होती, विहिरी होत्या, बांधावर आंबा-कडुनिंब होता. मग लेआउट पडले. झाडं तुटली, मुरमाचे रस्ते झाले, दर हजार-दीड हजार फुटांवर एक घर. प्लॉट पाहायला कोण गेलं? घरातली पुरुषमंडळी. त्यांनी भाव पाहिला, रस्त्याची रुंदी पाहिली, वास्तू पाहिली. दुपारी भिंतीवर ऊन कुठून येईल, स्वयंपाकघराला वारा मिळेल का, पाणी किती लांबून आणावं लागेल, हे पाहिलं नाही. कारण दुपारी त्या घरात ते असणार नव्हते.

वेधशाळा रोज तापमान सांगते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. पण हा आकडा कुठला असतो, माहीत आहे? पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, मोकळ्या मैदानात, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा. टिनाच्या पत्र्याखाली पेटत्या गॅससमोर उभ्या असलेल्या बाईला किती अंश लागतात, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. पत्रा पातळ असतो, लगेच तापतो आणि ती धग सरळ खाली टाकतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन ठेवतो आणि रात्री खोलीत सोडतो. आपल्या आज्यांची मातीची भिंत आणि कवेलूचं छप्पर यांहून बरं होतं. पक्कं घर झालं म्हणून आपण पेढे वाटले, आणि मे महिन्यात रात्रभर जागलो.

आता कूलर. एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत तो छान चालतो. पण तो ठेवलाय कुठं? समोरच्या खोलीत. पाहुणे तिथं, टीव्ही तिथं, घरधनी तिथं. त्याच्या टाकीत पाणी कोण भरतं? आपण. नळाला पाणी नसलं तर टँकरच्या रांगेत कोण उभं राहतं? आपण. आणि त्याचा वारा? गॅसची ज्योत हलते म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटलेलं!

आमच्या शेजारी एक बाई डबे करून द्यायची. रोज चाळीस-पन्नास पोळ्या, वर घरचा स्वयंपाक. एका मे महिन्यात दुपारी एकला ती ओट्यापाशी कोसळली. अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. घरचे म्हणाले, ''उपास असेल, चक्कर आली.'' कुणी म्हणालं, ''बाहेरचं काही लागलं असेल.'' तिला ऊन लागलं होतं, घरात, सावलीत. तिच्यापासून सहा फुटांवर कूलर सुरू होता. आम्ही ओल्या चादरीत गुंडाळून, वारा घालत दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली. लक्षात ठेवा, अंग तापून माणूस बरळायला लागलं की लिंबू-कांद्यात वेळ घालवायचा नाही. अंग ओलं करायचं, वारा घालायचा, दवाखाना गाठायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

रात्रीचंही तसंच. माणसं गच्चीवर, अंगणात खाट टाकून मोकळी झोपतात. तरण्या मुलीला, नव्या सुनेला ती मुभा नाही. ती तापलेल्या स्लॅबखाली, अंगभर कपड्यांत. भीती कुणाची, तर पुरुषाची. आणि घामानं भिजून निघायचं बाईनं. मग सांगा, हा प्रश्न नुसता हवामानाचा कसा?

आणि पाणी पिण्याचं काय? बांधकामावर जाणाऱ्या, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या आपल्या बहिणी घरून निघताना पाणी पीत नाहीत. दिवसभर जायला जागा नसते ना! मे महिन्यात तहान मारून बसायचं, मग लघवीची जळजळ, मूतखडा, ताप. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची मोहीम बायांनी याच प्रश्नावर चालवली. मुतारीची मागणी करायला लाजू नका. उन्हाळ्यात ती जिवाची मागणी आहे.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून माझ्या मुलाचा फोन आला. ''आई, विका ते घर, इकडं या. तिथलं ऊन आता तुमच्यानं सोसायचं नाही.'' त्याची माया खरी आहे. मी महिनाभर विचार केला. पुण्यातही एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतोच. शिवाय तिथलं स्वयंपाकघर सुनेचं. माझी सावली तिच्या वाट्यातून जायची. आणि इथल्या बाया? ज्यांना पुणं नाही, त्यांनी कुठं जायचं? पण मैत्रिणींनो, मला निर्णय घेता आला, कारण घराच्या रजिस्ट्रीवर यांच्या बरोबरीनं माझंही नाव आहे. सही माझीही लागते, म्हणून विचारलं गेलं. मी म्हटलं, राहू. पण अशा घरात नाही. आधी घर बदलू.

आम्ही गच्ची घासून चुन्याचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो. पश्चिमेच्या भिंतीला वेल चढवला. कूलर समोरच्या खोलीतून उचलून स्वयंपाकघराला लागून असलेल्या मधल्या खोलीच्या खिडकीत बसवला. गॅसच्या ज्योतीला आडोसा केला आणि पलीकडची खिडकी उघडी ठेवली, कारण वाऱ्याला बाहेर जायला वाट लागते. दुपारचा स्वयंपाक सकाळी नऊच्या आत. दुपारी गरम पोळी मागेल त्यानं स्वतः लाटावी. पहिले आठ दिवस कुरकुर झाली. मग पोळ्या गारच गोड लागायला लागल्या!

हे एकटीदुकटीचं काम नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसं दगावली, तेव्हा २०१३ मध्ये तिथं उष्णतेचा कृती आराखडा झाला. त्याच शहरात इलाबेन भट यांनी १९७२ मध्ये उभी केलेली 'सेवा' संघटना आता कष्टकरी बायांसाठी उन्हाचा विमा काढते. पारा ठरलेल्या आकड्यावर गेला की बाईच्या खात्यात पैसे पडतात, म्हणजे तिला पोटासाठी उन्हात जावं लागू नये. आपल्याकडे २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती घ्या. घरावर नाव असेल तर खिडकी कुठं काढायची हे बोलता येतं.

तर आजच्या सभेत तीन गोष्टी ठरवू. एक, एप्रिल लागायच्या आत गटानं मिळून चुना आणायचा आणि आधी टिनाच्या घरांना लावायचा. दोन, आपलं गाव आता महानगरपालिकेत आहे. बाजारात आणि बसथांब्यांवर सावली, पाणी आणि बायांसाठी मुतारी हवी, असं सह्यांचं निवेदन द्यायचं. आणि लेआउटमधल्या मोकळ्या जागांत झाडं. तिथं दुकानाचे गाळे होऊ द्यायचे नाहीत. तीन, आपापल्या घरी कूलरची जागा बदलायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड जाईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून मेच्या बैठकीत कुणी पापड-कुरडया किती केल्या हे सांगायचं नाही. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं : दुपारी एक ते चारमध्ये मी किती वेळ वाऱ्याला आडवी झाले.