छंद, नोकरी आणि घर
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात लोहा येथे केलेले भाषण)



छायाचित्रणाच्या छंदाविषयी चार शब्द सांगण्याची आपण मला आज्ञा केलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी कोणी नामवंत छायाचित्रकार नव्हे. तीस वर्षे शिक्षकाची नोकरी केली व उरलेल्या वेळात फोटो काढले. ‘उरलेल्या वेळात’ म्हणालो खरा. पण कित्येकदा तो वेळ मी शाळेतून आणि घरातून चोरलेला होता.

प्रथम एका थोर माणसाचे उदाहरण देतो. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी लाला दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. त्यांचा जन्म १८४४ सालचा, मीरतजवळील सरधना गावचा. रुडकीला शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला. त्या काळी जड कॅमेरा, तिवई व काचेच्या पट्ट्या बरोबर वाहून न्याव्या लागत. नोकरी सांभाळूनच त्यांनी जुन्या वास्तूंची चित्रे घेतली. काम अपुरे राहू लागले तेव्हा त्यांनी दोन वर्षांची रीतसर रजा काढली. त्या चित्रांचे चीज झाल्यावरच ते निवृत्तिवेतन घेऊन नोकरीतून मोकळे झाले. निजामांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. त्यांचे पुत्र ज्ञानचंद व धरमचंद हेही याच कामात आले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला व तेथील कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपविला. म्हणजे, कलेसाठी त्यांनी ना नोकरीला फसविले, ना कोणाच्या घरची मर्यादा मोडली.

आता माझे ऐका. माळेगावची यात्रा आपल्याला नवी नाही. पहाटेच्या धुक्यात घोड्यांचा बाजार, लाल कंधारी बैलांच्या रांगा. हे सारे टिपण्यासाठी मी एका वर्षी शाळेत आजारपणाचा अर्ज पाठविला. माझी मुलगी त्याच शाळेत शिकत होती. गुरुजींनी सहज विचारले, “अब्बांची तब्येत कशी आहे?” ती निरागसपणे म्हणाली, “अब्बा तर माळेगावला गेलेत.” मुख्याध्यापकांनी मला शब्दानेही दुखविले नाही. पण संध्याकाळी मुलीने विचारले, “अब्बा, मी खरे सांगितले, ते चुकले का?” मित्रहो, त्या दिवशीचे फोटो उत्तम आले होते. ते मी आजवर कोणाला दाखविलेले नाहीत.

मी पत्नीला सारे सांगितले. ती एवढेच म्हणाली, “मागितले असते तर मी नाही म्हणाले असते का?” तेव्हापासून घरात तीन नियम झाले. महिन्याला एकच रोल, छत्तीस फोटोंचा; आणि तो पगारातून नव्हे, लग्नकार्यात फोटो काढून मिळालेल्या पैशांतून. महिन्यातला एक रविवार माझा, बाकीचे घराचे. आणि यात्रेसाठी किरकोळ रजा, खरे कारण लिहून. पुढे स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी लावून आम्ही रात्री फोटो धूत असू, तेव्हा मुलगीच घड्याळाकडे पाहून सेकंद मोजत असे.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. रोलचा खर्च उरला नाही. पण वेळेचा खर्च वाढला आहे. म्हणून तरुणांना माझी विनंती आहे, की छंद अवश्य जोपासा, अगदी मन लावून जोपासा. पण त्यासाठी लागणारा वेळ व पैसा घरच्यांना विचारून, उघडपणे घ्या. मागून घेतलेल्या एका दिवसात जे समाधान आहे, ते चोरलेल्या दहा दिवसांत नाही. आणि पालकांनो, मुलाने तसे मागितले, तर त्याला एक रविवार जरूर द्या.