सेवेची वाट कोठे जाते? : श्रीलंकेचा अनुभव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशात जावे, देश पाहावा आणि त्याच सुट्टीत थोडी सेवाही करावी, अशी एक नवी रीत सुशिक्षित तरुणांमध्ये रूढ होत आहे. या रीतीत श्रीलंकेचे नाव वारंवार घेतले जाते. बेट लहान, निसर्ग संपन्न, माणसे अगत्यशील. आठवडाभर एखाद्या बालगृहात इंग्रजी शिकवावे, किनाऱ्यावर कासवांच्या पिलांची निगा राखावी आणि मग आगगाडीने चहाच्या डोंगरांतून हिंडून यावे, असा हा कार्यक्रम असतो. त्यासाठी मध्यस्थ संस्था पाहुण्यांकडून शुल्क घेतात. सेवा करण्यासाठी सेवकानेच पैसे मोजावेत, अशी ही बाजारपेठ आहे.

या तरुणांची टिंगल करणे सोपे आहे. पण ते योग्य नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडावे ही ओढ ज्याच्या मनात उरली आहे, तो तरुण समाजवादी चळवळीला परका नाही. प्रश्न त्याच्या हेतूचा नाही. ही ओढ त्याला कोठे नेते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी श्रीलंकेइतका बोलका देश दुसरा क्वचितच सापडेल. कारण तेथील समाजवादी पक्षाचा जन्मच मुळी गावोगाव फिरून केलेल्या सेवेतून झाला, आणि त्या पक्षाची शोकांतिकाही त्याच सेवेचा विसर पडल्यामुळे घडली.

कथेची सुरुवात एका फुलापासून होते. पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिदिनी, ११ नोव्हेंबरला, ब्रिटिशांच्या या वसाहतीत लाल पॉपीची फुले विकली जात. जमलेला पैसा मुख्यतः ब्रिटिश माजी सैनिकांच्या मदतीसाठी जाई. सिलोनच्या सैनिकांच्या वाट्याला फारसे काही येत नसे. याचा निषेध म्हणून त्याच दिवशी सुरियाचे पिवळे फूल विकण्याची कल्पना १९३१ मध्ये पुढे आली. सुरिया म्हणजे आपल्याकडील रानभेंडीचे किंवा पारोसा पिंपळाचे झाड. १९३३ मध्ये डाव्या विचारांच्या तरुणांनी ही चळवळ हाती घेतली आणि तिला साम्राज्यविरोधी वळण दिले. तिच्या अध्यक्षपदी डोरीन यंग या इंग्रज शिक्षिका होत्या. मातर येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या सिलोनला आल्या, डॉ. एस. ए. विक्रमसिंघे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि त्या बेटाच्याच होऊन राहिल्या. पुढे १९५२ मध्ये अकुरेस्सच्या मतदारांनी त्यांना संसदेत पाठविले.

फूल विकणे हे प्रतीक झाले. कसोटी लागली ती १९३४ च्या अखेरीस. त्या वर्षी पावसाने दगा दिला. नैर्ऋत्येकडील बारमाही वाहणाऱ्या नद्या आटून त्यांची डबकी झाली आणि त्या डबक्यांत हिवतापाचा डास बेसुमार वाढला. ज्या भागात हा रोग एरवी फारसा नसे, तेथील माणसांच्या अंगी प्रतिकारशक्ती नव्हती. त्यातच जागतिक मंदीने नारळाचे भाव कोसळले होते, घरात पुरेसे अन्न नव्हते. सुमारे त्रेपन्न लाख लोकसंख्येच्या या बेटावर काही महिन्यांत सुमारे पंधरा लाख लोक आजारी पडले आणि सुमारे ऐंशी हजार दगावले. केगल्ल आणि कुरुनेगल हे जिल्हे तर उद्ध्वस्त झाले.

सुरिया-मल चळवळीचे तरुण तेव्हा कोलंबोत ठराव करीत बसले नाहीत. ते खेड्यांत गेले. औषध आणि धान्य घेऊन घरोघर हिंडू लागले. तेथे त्यांना पहिली गोष्ट कळली ती अशी, की नुसत्या क्विनाईनने माणूस उठत नाही. उपाशी पोटी औषध लागू पडत नाही. लंडनमधून उच्च पदव्या घेऊन परतलेले एन. एम. परेरा त्या काळात डाळ वाटत फिरत होते. लोकांनी त्यांना नाव दिले, ‘परिप्पू महत्तया’, म्हणजे डाळवाले साहेब. या नावात थट्टा होती आणि प्रेमही होते. दुसरी गोष्ट त्यांना कळली ती अधिक महत्त्वाची. डास सर्वांनाच चावतो, परंतु मरण गरिबाच्याच घरी का मुक्काम करते? या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या पेटीत नव्हते. ते जमिनीच्या मालकीत, मजुरीच्या दरात आणि परक्या राज्यसत्तेत होते. रोग्याच्या खाटेपाशी बसूनच हे तरुण राजकारणापर्यंत पोचले.

१८ डिसेंबर १९३५ रोजी लंका समसमाज पक्ष स्थापन झाला. ‘समसमाज’ हा शब्द किती समर्पक! समाजवाद या शब्दाला बेटाच्या भाषेत शोधलेले ते घरगुती नाव. अवघ्या काही महिन्यांत, १९३६ च्या राज्य परिषदेच्या निवडणुकीत, केगल्ल जिल्ह्यातील रुवनवेल्ल येथून एन. एम. परेरा आणि अविस्सावेल्ल येथून फिलिप गुणवर्धन निवडून आले. जाहीरनामा वाचून खेडूत मत देत नाही. संकटात उंबरठ्यावर कोण आले होते, एवढे तो विसरत नाही.

आता परदेशी पाहुण्याची दुसरी कथा पाहावी. १९३६ मध्ये मार्क अँथनी ब्रेसगर्डल हा ऑस्ट्रेलियातून आलेला तरुण चहाच्या मळ्यात उमेदवारी करण्यासाठी दाखल झाला. गोऱ्या मळेवाल्याला मिळणारे सारे ऐषाराम त्याच्यापुढे होते. पण मळ्यातील तमिळ मजुरांची रांगेतील अंधारी खुराडी, त्यांच्या मुलांचे हाल आणि त्यांना मिळणारी वागणूक पाहून तो मजुरांच्या बाजूला उभा राहिला. त्याची नोकरी गेली. ३ एप्रिल १९३७ रोजी नावलपिटिय येथे मळामजुरांची मोठी सभा झाली. पक्षाच्या निमंत्रणावरून बेटाचा दौरा करणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय त्या सभेत बोलल्या आणि ब्रेसगर्डलही बोलला. त्याच महिन्यात गव्हर्नरने त्याला अठ्ठेचाळीस तासांत देश सोडण्याचा हुकूम बजावला. तो भूमिगत झाला, ५ मे रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावरील प्रचंड सभेत उघडपणे प्रकट झाला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्दबातल ठरविला.

परदेशी माणसाने सेवा करू नये असे कोण म्हणेल? डोरीन यंग आणि ब्रेसगर्डल दोघेही परकेच होते. पण एकीने आपले आयुष्य तेथे रुजविले आणि दुसऱ्याने आपली जागा सोडून मजुराची बाजू घेतली. दोघांनीही त्यासाठी किंमत मोजली. शुल्क मोजणे आणि किंमत मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या पक्षाचा महाराष्ट्राशीही एक धागा आहे. जानेवारी १९४० मध्ये मूलोया मळ्यातील संपात गोविंदन हा मजूर पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याच वर्षी जूनमध्ये पक्षाचे पुढारी तुरुंगात डांबले गेले. ७ एप्रिल १९४२ च्या रात्री ते कँडीच्या तुरुंगातून पहारेकऱ्यासह निसटले आणि समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आले. ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या धामधुमीत त्यांनी येथे भूमिगत काम केले. फिलिप गुणवर्धन आणि एन. एम. परेरा यांना १९४३ मध्ये मुंबईतच अटक झाली. ज्या वर्षांत महाराष्ट्रातील समाजवादी भूमिगत होते, त्याच वर्षांत, त्याच शहरात शेजारच्या बेटावरील समाजवादीही लपूनछपून काम करीत होते.

येथपर्यंतची कथा अभिमानाची आहे. पुढची कथा सांगितल्याशिवाय मात्र अभ्यासवर्ग पुरा होत नाही.

१९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नव्या सरकारने नागरिकत्वाचा कायदा करून सुमारे सात लाख मळामजुरांना राष्ट्रहीन केले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी डोंगर फोडून चहा पिकविला, त्यांचा मताधिकार काढून घेतला गेला. समसमाजवाद्यांनी तेव्हा या कायद्याला कडाडून विरोध केला. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा करण्याचा कायदा आला, तेव्हा कॉल्विन आर. डी सिल्वा यांनी संसदेत इशारा दिला, की दोन भाषा मानल्या तर देश एक राहील आणि एकच भाषा लादली तर देश दोन होतील. इतके स्पष्ट शब्द त्या सभागृहात क्वचितच कोणी उच्चारले असतील.

परंतु बहुसंख्याकांच्या भावनेचा लोंढा वाढत गेला, सत्ता दूर राहू लागली, आणि पक्षाचा धीर सुटला. जून १९६४ मध्ये पक्ष सिरीमावो बंदरनायके यांच्या सरकारात सामील झाला. परेरा अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या सरकारने लालबहादूर शास्त्रींशी करार केला. सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत, तीन लाख सिलोनने ठेवावीत, दीड लाखांचा निर्णय मागाहून करावा! जिवंत माणसांची अशी वाटणी झाली, आणि त्या माणसांना कोणी विचारलेसुद्धा नाही. १९७२ ची राज्यघटना घडविणारे मंत्री होते तेच कॉल्विन डी सिल्वा. त्या घटनेने सिंहलीला राजभाषेचे आणि बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले, आणि अल्पसंख्याकांना जुन्या घटनेत असलेले संरक्षण गाळले. १९७७ च्या निवडणुकीत पक्षाला एकही जागा मिळाली नाही. १९८३ च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली आणि २००९ पर्यंत देश यादवी युद्धात होरपळला. उरलेल्या राष्ट्रहीन मळामजुरांना नागरिकत्व देणारा कायदा व्हायला २००३ साल उजाडावे लागले.

डाळवाले साहेब अर्थमंत्री झाले याचे दुःख नाही. ज्यांच्या उंबरठ्यावर ते एके काळी बसले होते, त्यांच्यापैकी सर्वांत दुबळ्यांचा हात सत्तेच्या दारात सुटला, हे दुःख आहे.

मग राजकारण टाळून निव्वळ सेवा केली तर? तोही प्रयोग याच बेटावर झाला आहे. डिसेंबर १९५८ मध्ये कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयातील शिक्षक ए. टी. आरियरत्ने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुव या रोडिया वस्तीत गेले. रोडिया म्हणजे सिंहली समाजाने अस्पृश्य ठरविलेली जात. भाकरी आणि माणुसकी दोन्ही नाकारलेल्या त्या वस्तीत शहरी मुले राहिली, जेवली, घाम गाळून कामे केली. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली. गांधी-विनोबांचा विचार आणि बौद्ध करुणा यांचा तो संगम होता. शिबिरात एकमेकांना मल्ली, नंगी, अय्या, अक्का, म्हणजे धाकटा भाऊ, धाकटी बहीण, दादा, ताई, असेच संबोधायचे हा नियम. आपण रस्ता बांधतो आणि रस्ता आपल्याला घडवितो, हे तिचे ब्रीद. हजारो खेड्यांत विहिरी, रस्ते, तलाव या हातांनी झाले. १९६९ मध्ये आरियरत्ने यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या कामाला सलामच केला पाहिजे. तरीही एक प्रश्न उरतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने त्या देशात तीस हजारांहून अधिक माणसे नेली. जगभरातून स्वयंसेवक धावले, त्यांनी मनापासून कष्ट केले. पण त्याच वेळी सरकारने किनाऱ्यापासून ठरावीक अंतरात घर बांधण्यास बंदी घातली. कोळ्याला घर नाही, पर्यटनाच्या हॉटेलांना मात्र सवलत! हा भेदभाव फावड्याने दूर होणार नव्हता. त्यासाठी कोळ्यांची संघटना, मोर्चा आणि मत हवे होते. आणि विरोध झाला तेव्हाच त्या नियमाला मुरड घालावी लागली.

डॉ. लोहिया फावडे, मतपेटी आणि तुरुंग या तिन्हींची सांगड घालीत, ते याचसाठी. फावडे नसेल तर मतपेटीला माणसे ओळखत नाहीत. मतपेटी नसेल तर फावडे अन्यायाची डागडुजी करीत राहते. आणि तुरुंगाची तयारी नसेल तर सत्ता जवळ येताच तत्त्व दूर जाते. श्रीलंकेच्या समाजवाद्यांकडे १९३४ ते १९४२ या काळात या तिन्ही गोष्टी होत्या.

म्हणून जो तरुण आज त्या बेटावर सेवेसाठी निघाला आहे, त्याला कार्यकर्त्यांनी अडवू नये. त्याला काही प्रश्न मात्र सोबत द्यावेत. ज्या बालगृहात तो दोन आठवडे माया लावणार, तेथील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. मग ती मुले घरी का नाहीत? दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो आणि निघून जातो, याने त्या मुलांच्या मनाचे काय होते? आगगाडीच्या खिडकीतून जिचे छायाचित्र तो घेतो, त्या चहा खुडणाऱ्या बाईच्या रोजाच्या एक हजार रुपयांसाठी २०२१ पर्यंत वर्षानुवर्षे का झगडावे लागले? नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दितवा चक्रीवादळाने डोंगर ढासळून शेकडो बळी गेले. अशा डोंगरांच्या उतारावर घर करण्याखेरीज गरिबाला दुसरी जागा का मिळत नाही?

आणि हे प्रश्न घेऊन तो परत आला, की त्याला आणखी एक विचारावे. ऊसतोड मजुरांची पाले, वीटभट्ट्यांवरची मुले, दरड कोसळलेली माळीण आणि इर्शाळवाडी त्याच्या घरापासून कितीशी दूर आहेत? तेथे जायला पारपत्र लागत नाही आणि शुल्कही कोणी मागत नाही. तेथे परत परत जावे लागते, एवढेच.